हवाई रुग्णवाहिका आणि पात्रतेचा प्रश्न



आपल्या घरातील मुलाने अथवा मुलीने ‘मला पॅरामेडिक व्हायचे आहे’ असे म्हटले की आईवडिलांचा चेहरा उतरतो. “म्हणजे अँब्युलन्सचा ड्रायव्हर?” असा प्रश्न ठरलेला. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. इस्पितळाच्या गच्चीवर हेलिकॉप्टरने आणलेले रुग्ण आम्ही ताब्यात घेतो; म्हणून या प्रश्नावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मानते.

या देशात इस्पितळाने चालविलेली पहिली नागरी हेलिकॉप्टर सेवा १९७२ साली डेन्व्हरच्या सेंट अँथनी इस्पितळात सुरू झाली. अशा हेलिकॉप्टरमध्ये येथे बहुधा डॉक्टर नसतो. एक परिचारिका आणि एक पॅरामेडिक, एवढेच दोघे. राज्याचा परवाना ही पहिली पायरी. त्यानंतर बहुतेक सेवा गंभीर रुग्ण हाताळल्याचा सुमारे तीन वर्षांचा अनुभव मागतात. परिचारिकांसाठी या कामाची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा १९९३ पासून आहे, पॅरामेडिकांसाठीही तशी आहे. कारण उंचीवर हवेचा दाब घटतो, प्राणवायू कमी मिळतो आणि शरीरात कोंडलेला वायू फुगतो. फुप्फुसाभोवती हवा साचलेल्या रुग्णाच्या ते जिवावर बेतू शकते. पंख्याच्या घरघराटात स्टेथोस्कोप जवळजवळ निरुपयोगी ठरतो. डोळ्यांनी, बोटांनी आणि यंत्रावरील रेषांवरून ओळखावे लागते.

परंतु या पॅरामेडिकांचे शिक्षण आले कोठून? १९६७ साली पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत फ्रीडम हाऊस ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. तोवर तेथील रुग्णांना पोलिसांच्या गाडीत घालून नेत असत. नोकरीस नालायक ठरविलेल्या तरुणांना, ज्यांतील काहींचे शालेय शिक्षणही अपुरे होते, डॉ. पीटर साफर यांच्या योजनेनुसार सुमारे ३०० तासांचे शिक्षण मिळाले. त्यांच्या वैद्यकीय संचालक डॉ. नॅन्सी कॅरोलाईन यांनी पुढे पॅरामेडिकांचा राष्ट्रीय अभ्यासक्रम रचला, तो याच तरुणांच्या कामाच्या अनुभवावर.

१९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊस बंद झाले. नव्या सेवेत याच माणसांपुढे नव्या परीक्षा आणि नव्या अटी ठेवल्या गेल्या. कित्येकांना दुय्यम कामे मिळाली, कित्येक बाहेर पडले. ज्यांच्या कामावरून मापदंड घडला, तेच त्या मापदंडाने अपात्र ठरले! ‘गुणवत्ता’ हा शब्द आपण मायदेशी कोणत्या स्वरात ऐकला आहे, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको.

म्हणून परीक्षा नकोत, असे मी म्हणत नाही. माझा माणूस हेलिकॉप्टरमध्ये असेल तेव्हा त्याच्या उशाशी मला कसून शिकलेलीच व्यक्ती हवी. परीक्षा कोण आखतो आणि तिच्या दारापर्यंत कोणाला येऊ दिले जाते, हे मात्र विचारलेच पाहिजे. फ्रीडम हाऊसचे जॉन मून चिकाटीने टिकले, शहराच्या सेवेत सहायक प्रमुखपदापर्यंत पोहोचले आणि कृष्णवर्णीय तरुणांच्या भरतीसाठी झटले.

पॅरामेडिकचा अभ्यासक्रम अनेक कम्युनिटी कॉलेजांत उपलब्ध आहे. ज्या मुलामुलींना अधिक विचारायचे असेल, त्यांनी भोजनाच्या सुट्टीत मला अवश्य भेटावे. आईवडिलांनीही सोबत यावे.