हातातून पायात उतरणारा ताल



सुरुवातीला एक विनंती करतो. मांडीवर बोटं ठेवा आणि माझ्याबरोबर मोजा : एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. मात्रा सात झाल्या. आपल्या रूपकाच्याही सातच, पण तिथे तिनाचा खंड आधी येतो, इथे शेवटी. हा बल्गेरियातल्या ‘रचेनित्सा’ नाचाचा ताल. ‘पायदुश्को’ पाच मात्रांचा, ‘कोपानित्सा’ अकरांचा. बेला बार्टोकला या तालांची अशी मोहिनी पडली की, ‘मिक्रोकोस्मोस’ या पियानोसंग्रहाचा शेवट त्याने बल्गेरियन तालातल्या सहा नृत्यांनी केला.

हे ताल जिथे नांदतात तिथे आता जाऊ. स्रेद्ना गोरा डोंगरात कोप्रिवश्तित्सा नावाचं छोटं गाव आहे. तुर्की सत्तेविरुद्धच्या १८७६ च्या एप्रिल उठावाची ठिणगी तिथेच पडली. या गावाजवळच्या कुरणावर १९६५ पासून, साधारण दर पाच वर्षांनी, देशभरातले लोककलावंत जमतात. हे पोटासाठी गाणारे नव्हेत. गावोगावचे हौशी लोक आहेत, आजीबरोबर नातही आलेली असते.

संध्याकाळी गाइदा वाजू लागते. बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीत हवा भरलेली असते आणि वादक ती कोपराने दाबत राहतो. त्यामुळे तो श्वास घेत असतानाही सूर तुटत नाही, खालचा एकच स्वर तंबोऱ्यासारखा घुमत राहतो. जोडीला मेंढपाळांची कवाल, ही लांब बासरी. गदुल्का पाहिली की सारंगी आठवते : गजाने वाजते, तरफा असतात आणि तारेला नखाचा स्पर्श होतो. तुपान हा गळ्यातला ढोल. त्याच्या एका तोंडावर जाड टिपरू, दुसऱ्यावर बारीक काडी. जाड टिपरू वजन देतं, काडी मधल्या मात्रा भरते.

आणि मग होरो, म्हणजे फेर. पूर्वी तो सणावारी गावच्या ‘मेग्दान’वर धरत. आपलं मैदान आणि त्यांचं मेग्दान एकाच फारसी शब्दाची लेकरं आहेत. फेराच्या एका टोकाला म्होरक्या असतो आणि नवखा शेपटाला जोडला जातो. तो मात्रा मोजत बसला तर चुकतो. शेजाऱ्याच्या हाताचा हिसका ओळखला की अकरा मात्रा आपोआप पायात उतरतात. फेराची ही शाळा अशी हातातून चालते.

१९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर एक सोनेरी तबकडी अंतराळात गेली. तिच्यावर केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि बल्गेरियाच्या वाल्या बाल्कान्स्का यांचं रोदोपी डोंगरातलं गाणंही आहे. दोन गोड गळे एकाच प्रवासाला निघाले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण त्या तबकडीत होरो मावणार नव्हता. आवाज साठवता येतो, हाताचा हिसका साठवता येत नाही. युनेस्कोने २०१६ मध्ये कोप्रिवश्तित्साच्या महोत्सवाला वारसा जपण्याची उत्तम पद्धत म्हणून मान दिला, त्याचं मर्म मला इथे दिसतं.

आपल्या अंगणातही फेर आहेत. श्रावणात मंगळागौरीला झिम्मा-फुगडीचे खेळ रंगले की कडेच्या मुलीच्या हातातला मोबाइल बाजूला ठेवा आणि तिचा हात धरा. चित्रण नंतरही करता येईल.