मोहरी नाकाला का झोंबते?

(शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, आज पाचवी माळ. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी घट बसलेला आहे. पत्रावळीवर रानातली काळी माती, तीत गहू, ज्वारी, करडई, जवस. सकाळी माळ बांधताना पाहिलंच असेल, कोंब बोट-दीड बोट वर आलेत. तुळजाभवानीच्या जिल्ह्यात घट मी समजावून सांगायला नको. शहरातल्या बड्या हॉटेलांत मायक्रोग्रीन्स म्हणून चिमूटभर ताटात भुरभुरतात, ती रोपं याहून थोडीच मोठी असतात. आठ-पंधरा दिवसांची, जेमतेम पहिली पानं उघडलेली, मुळाच्या वर कात्रीनं कापलेली.

फक्त आपला घट पिवळा असतो. देवघरात उजेड कमी, म्हणून हरितद्रव्य नाही. आणि उन्हाचा मारा सोसण्यासाठी रोप अंगात जे रंग, जी फिनॉलिक द्रव्यं तयार करतं, त्यांचीही त्याला सावलीत गरज पडत नाही. लाल कोबीचं रोप उजेडात वाढलं तर देठापर्यंत जांभळं होतं. तो जांभळा रंग म्हणजेच अँथोसायनिन, एक अँटिऑक्सिडंट.

पण कोबी, मुळा, मोहरी, हळीव या घराण्याची खरी मिरासदारी रंगात नाही, तिखटपणात आहे. लोणच्यासाठी मोहरी फेसताना आजीच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आठवतंय? कोरड्या मोहरीला वास नाही. पाणी घालून फेसली की नाकात झिणझिण्या. विड्यासारखंच आहे हे. कात आणि चुना वेगवेगळे असतात तोवर रंग नाही, चावला की तोंड लाल. मोहरीच्या पेशींत एकीकडे ग्लुकोसिनोलेट, दुसरीकडे मायरोसिनेज नावाचं विकर. दाणा फुटला, पाणी मिळालं, की दोघं भेटतात आणि झोंबणारं आयसोथायोसायनेट तयार होतं. किडीनं पान कुरतडलं की तिला शिक्षा व्हावी, म्हणून झाडानं केलेली ही तजवीज. फोडणीत तडतडलेली मोहरी झोंबत नाही, कारण गरम तेलात ते विकरच मरतं. चवीला फोडणी हवीच, पण या हिशेबात ती वाया गेली.

1997 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टलाले आणि जेड फेही यांच्या गटानं ब्रोकोलीचे तीन दिवसांचे कोंब तपासले. त्यांत सल्फोराफेन नावाचं असंच एक आयसोथायोसायनेट देणारं द्रव्य मोठ्या गड्ड्याच्या 10 ते 100 पट निघालं. बी आपली शिदोरी घेऊनच निघतं. रोप वाढलं की तीच शिदोरी मोठ्या अंगात विरळ होते. हे सल्फोराफेन शरीरात स्वतः लढत नाही, आपल्याच पेशींना संरक्षक विकरं बनवायला लावतं. गावावर दरोडा पडला तर बाहेरून पोलीस मागवायचे, की गावातल्याच पोरांना जागं करायचं, एवढा तो फरक. 2012 साली मायक्रोग्रीन्सचे 25 प्रकार मोजले गेले, तेव्हा क जीवनसत्त्वात लाल कोबी पहिला आला : 100 ग्रॅममागे 147 मिलिग्रॅम. त्याच्या मागोमाग होता लाल राजगिरा, तोही आपलाच.

आता कुणी म्हणेल, बशीभर कोंबांनी कॅन्सर पळतो. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. माणसांवर तसं सिद्ध झालेलं नाही. थायरॉईडचा त्रास असेल त्यांनी या कच्च्या भाज्यांचा रोज रतीब लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

हे कोंब घरीच पिकवता येतात. आपल्याकडे पाण्याची बोंब असली तरी परातीएवढ्या मातीला वाटीभर पाणी पुरतं. बी मात्र किराणा दुकानातलं घ्या. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते पोटात जाता कामा नये. पाणी पिण्याचं वापरा आणि ओल फार धरू देऊ नका. 1996 मध्ये जपानच्या साकाई शहरात हजारो शाळकरी मुलं जंतुबाधेनं आजारी पडली, तेव्हा संशय मुळ्याच्या कोंबांवर गेला. तिथल्या आरोग्यमंत्र्यांना लोकांचा धीर राखायला कॅमेऱ्यासमोर ते कोंब खाऊन दाखवावे लागले!

दसऱ्याला घटाचे कोंब टोपीत खोवा, ते देवीचे. खाण्यासाठी खिडकीत वेगळी परात मांडा. आणि हळीव मातीत नको, ओल्या फडक्यावर पेरा. भिजला की तो बुळबुळीत होतो, माती चिकटते, आणि मग धुता धुता निम्मं पीक मोरीत जातं.