थंड झाल्यावर सुरू होते, एवढ्यावरून काय ठरते?



साहित्य, इतिहास आणि अर्थकारण यांवरच्या व्याख्यानांच्या मालिकेत बंद पडणाऱ्या जुन्या मोटारीला एक संध्याकाळ मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. ऋतूही विषयाला साजेसा आहे. वैशाखातल्या भर दुपारी खोपोलीहून खंडाळ्याकडे किंवा कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना जुनी गाडी ओढेनाशी होते, गचके खाते आणि बंद पडते. बॉनेट उघडून उभी असलेली गाडी आपण सर्वांनीच पाहिली आहे. आज मला मांडायचे आहे ते एवढेच: एखादा भाग बदलल्यावर किंवा एखादा उपाय केल्यावर गाडी चालू लागली, म्हणजे दोष तिथेच होता असे सिद्ध होत नाही. दोष सिद्ध करायचा तर गाडी बिघडलेल्या अवस्थेत असतानाच चाचणी घ्यावी लागते, आणि ती चाचणी अशी हवी की तिचे उत्तर आपल्या अंदाजाच्या विरुद्धही येऊ शकेल.

उदाहरणासाठी मी प्रीमियर पद्मिनी घेतो. कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप तिनेच घडवले. टॅक्सी म्हणून तिची सेवा ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली, पण हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी आजही रस्त्यावर दिसतात. चार सिलिंडरचे १०८९ सीसीचे इंजिन, कार्बोरेटर, पॉइंट आणि कंडेन्सर असलेला डिस्ट्रिब्युटर, आणि मिस्त्रीमंडळी ज्याला एसी पंप म्हणतात तो इंजिनाच्या अंगालाच बसवलेला पेट्रोलचा पंप. हिच्या पोटात काहीच लपलेले नाही. हाताने चाचपता येईल आणि डोळ्यांनी पाहता येईल अशी ही यंत्रणा आहे. निदानाची चूक इथेही होत असेल, तर ती विचारातली चूक आहे, साधनांच्या अभावाची नाही.

तक्रार नेहमीची असते. सकाळी गाडी उत्तम चालते. तासाभराने चढावर ओढ कमी होते, दोन-चार गचके बसतात आणि इंजिन बंद पडते. स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पंधरा-वीस मिनिटे थांबल्यावर काही झालेच नव्हते अशा थाटात ते सुरू होते. यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे ठरलेले उत्तर आहे: पेट्रोलची वाफ झाली, एअर लॉक झाला, पंपावर ओले फडके टाका. फडके टाकले जाते, पाणी मारले जाते, गाडी सुरू होते, आणि निदान खरे ठरल्याचे समाधान सगळ्यांना मिळते.

वाफेची कल्पना निराधार नाही. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. त्यातून हा पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब उतरतो आणि कमी दाबाखाली द्रव आणखी लवकर उकळतो. पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला असतो, वाफ त्याच्यात नुसती दबते आणि फुगते, पुढे सरकत नाही. तेव्हा मे महिन्यात, घाटात, तापलेल्या इंजिनाच्या कुशीतल्या पंपात असे होणे अगदी शक्य आहे. प्रश्न एवढाच आहे की या गाडीत, या दुपारी, तेच झाले होते कशावरून?

याच तक्रारीचे आणखी तीन धनी आहेत. पहिला इग्निशन कॉइल. तिच्या आतल्या बारीक तारेला चीर गेली असेल तर तापल्यावर तार ताणली जाते, चीर उघडते आणि करंट तुटतो. कॉइल निवली की टोके पुन्हा जुळतात. दुसरा, टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र. ते धुळीने बुजले तर पेट्रोल जितके खर्च होईल तितकी हवा आत येत नाही, टाकीत निर्वात तयार होत जातो आणि शेवटी पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी थांबली की फटीफटींतून हवा हळूहळू शिरते आणि पुरवठा पुन्हा सुरू होतो. तिसरा, टाकीतला गंज आणि गाळ. चालत्या गाडीत तो शोषनळीच्या तोंडाशी ओढला जाऊन तिथे चिकटतो. इंजिन थांबले की ओढ संपते आणि कचरा खाली बसतो. म्हणजे वाफ, कॉइल, झाकण आणि गाळ या चारही दोषांत गाडी काही वेळ चालून बंद पडते आणि पंधरा-वीस मिनिटांनी सुरू होते. आता ओल्या फडक्याचा विचार करा. बाटली शोधणे, फडके भिजवणे, पंप निवण्याची वाट पाहणे यात तीच पंधरा मिनिटे जातात. तेवढ्यात कॉइल निवते, टाकीत हवा शिरते, गाळ बसतो. खरा दोष चारांपैकी कोणताही असो, श्रेय फडक्यालाच मिळते. जो उपाय चारही दोषांत यशस्वी झाल्यासारखा दिसतो, त्याच्या यशातून कोणताच दोष ओळखता येत नाही. माझ्या मांडणीचा कणा हाच आहे, म्हणून मी इथे थोडा रेंगाळलो.

हे चार दोष वेगळे करण्याची संधी असते ती गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित घेतली की आधी करंट पाहायचा: एक जादा प्लग वायरीला लावून, कार्बोरेटरपासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगायचे. पेट्रोलचा वास येत असेल किंवा ते कुठे गळत असेल तर ही चाचणी मुळीच करू नये. ठिणगी निळसर आणि ठसठशीत पडली तर कॉइल त्या दिवसापुरती निर्दोष. मग एअर फिल्टर काढून कार्बोरेटरमध्ये पाहत ॲक्सिलरेटर दाबायचा. पेट्रोलची बारीक धार दिसली तर कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल आहे. दिसली नाही तर उपासमार आहे आणि वाफ, झाकण, गाळ हे तीन संशयित उरतात. पुढच्या फेरीला, टाकी काठोकाठ भरलेली नसताना, झाकण सैल ठेवून तोच घाट चढायचा. गाडी बंद पडली नाही तर झाकण घट्ट करून पुन्हा चढायचा. आता ती बंद पडली तर छिद्राचा दोष पक्का झाला, कारण इथे दोष आपण घालवलाही आणि परत आणूनही दाखवला. सैल झाकणानेही गाडी बंद पडली, तर पंपाकडे येणारी नळी सोडून तिच्यातून टाकीकडे फुंकून पाहायचे: टाकीत बुडबुड ऐकू आली आणि त्यानंतर गाडी लगेच, काही न निवता, सुरू झाली तर संशय गाळावर जातो.

आयुर्वेदातल्या माधवनिदान या ग्रंथात रोग जाणण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान म्हणजे कारण, मग पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. उपशय म्हणजे कशाने बरे वाटते ते पाहून रोग ओळखणे. ओले फडके हा उपशय आहे, आणि आपल्या परंपरेने तो एकटा पुरेसा मानलेला नाही. पूर्वरूप, म्हणजे बंद पडण्याआधी काय होते, हे आपल्या गॅरेजांत फारसे विचारलेच जात नाही. वास्तविक तेच सर्वांत बोलके असते. उपासमारीने मरणारे इंजिन आधी ओढ गमावते, गचके खाते, ॲक्सिलरेटर सोडल्यावर क्षणभर सावरते. करंट तुटल्याने मरणारे इंजिन बहुधा किल्ली फिरवल्यासारखे एकदम गप्प होते. हा फरक फक्त चालवणाऱ्याला ठाऊक असतो आणि तो त्यानेच सांगायला हवा.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवाचा. तीस वर्षे मुरलेला मिस्त्री आवाजावरून दोष सांगतो, त्याला या चाचण्या कशाला? त्या कानाबद्दल मला नितांत आदर आहे. टॅपेटचा आवाज, मिसिंग मारणारा सिलिंडर, सायलेन्सरची फुसफुस हे तो कान अचूक टिपतो. पण अनुभव खरा व्हायला त्याला त्याच्या चुका परत भेटाव्या लागतात. कॉइल बदलून गाडी गेली आणि पुन्हा आली नाही, तर ती बरी झाली की मालक वैतागून दुसरीकडे गेला, हे मिस्त्रीला कळत नाही. दोन्ही गाड्या त्याच्या स्मरणात यश म्हणूनच जमा होतात. शिवाय गॅरेजमध्ये गाडी पोचते ती थंड होऊन. चीर गेलेली कॉइल थंड असताना मीटरने मोजली तर आकडा बरोबर येतो. म्हणून कुशल कारागिराने संशयितांचा क्रम अनुभवाने लावावा, पण निकाल चाचणीने द्यावा.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. कंडेन्सर, पॉइंट, फिल्टर हे स्वस्त भाग आहेत. तपासण्यात दोन तास घालवण्यापेक्षा बदलून टाकणे परवडते. नियमित देखभाल म्हणून ते जरूर बदलावेत. मात्र पाच भाग एका दिवशी बदलले की कशाने गुण आला ते कायमचे हरवते, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात नकली मालही खूप असल्याने चांगला जुना कंडेन्सर जाऊन वाईट नवा बसण्याचीही शक्यता असते. यावर साधा तोडगा आहे. एका वेळी एकच भाग बदला, काढलेला भाग जपून ठेवा, आणि शंका असेल तर तो परत लावून दोष परततो का ते पाहा. महाग भागांच्या बाबतीत तर हिशेब उलटाच फिरतो, कारण पूर्ण कार्बोरेटर बदलल्यावर दोष टाकीच्या झाकणात निघणे कोणालाच परवडत नाही.

तिसरा आक्षेप नव्या मंडळींचा: स्कॅनर लावला की सगळे कळते. मारुती ८०० मध्ये २००० साली एमपीएफआय आले, तेव्हापासूनच्या गाड्यांत थोडीफार माहिती इंजिनाचा संगणक देतो हे खरे. पण पी०१७१ असा कोड आला तर त्याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडते एवढाच असतो. व्हॅक्यूमची नळी फुटलेली असेल, पंप दमलेला असेल, इंजेक्टर तुंबले असतील. कोड वाचून थेट ऑक्सिजन सेन्सर बदलणे आणि न पाहता फडके टाकणे, या दोन्हींत विचाराची गफलत एकच आहे.

आता ओढ कमी होण्याबद्दल थोडे. इथे इंजिनाला हात लावण्याआधी इंजिन खरेच दोषी आहे का, हे पाहायला हवे. रेस वाढते पण वेग वाढत नाही तर क्लच घसरतो आहे. थोडे अंतर चालवल्यावर एकाच चाकाचा ड्रम चटका बसेल इतका तापला तर ब्रेक अडकला आहे. उंचीचाही हिशेब धरावा लागतो: हवा विरळ झाल्याने इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्क्यांनी घटते. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे तिथे निरोगी इंजिनही समुद्रसपाटीच्या मानाने १२-१३ टक्के कमीच ओढणार. तेवढ्यासाठी जेट बदलायचे कारण नाही. कॅटलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ओढ हळूहळू, आठवड्यागणिक कमी होत गेली असेल तर तो तुंबला आहे का ते व्हॅक्यूम गेज सांगतो: इंजिन २५०० फेऱ्यांवर स्थिर धरले आणि काटा सावकाश खाली उतरत गेला तर जळलेल्या वायूला वाट मिळत नाही. आणि कॉम्प्रेशन कमी आले तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. एक चमचा ऑइल इथे इंजिन खोलण्याचा खर्च वाचवते.

अलीकडे प्रत्येक बिघाड पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलवर ढकलला जातो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरते. इथेनॉल पाणी शोषते, जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्राम फुगवते, टाकीतला जुना थर सुटा करते. कार्बोरेटर मिश्रण आपोआप बदलू शकत नाही, म्हणून ते किंचित हलके पडते. जुन्या गाड्यांच्या मालकांची ही तक्रार खरी आहे आणि ती ऐकली गेली पाहिजे. पण म्हणूनच ती पुराव्याने मांडली पाहिजे: फुगलेला डायफ्राम काढून दाखवा, फिल्टरमधला गाळ दाखवा, बाटलीत तळाशी वेगळे झालेले पाणी दाखवा. टाकीचे झाकण बुजलेले असताना इथेनॉलला दोष दिला, तर खऱ्या तक्रारीचेही वजन कमी होते.

पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीसाठी एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. भंगारात काढायची की नाही हा निर्णय मालकाचा आहे, पण तो निर्णयसुद्धा निदानावर उभा राहावा. झाकणाचे एक छिद्र बुजले म्हणून चांगली गाडी मोडीत जाऊ नये, तसेच चारही सिलिंडर दमलेल्या गाडीवर नव्या कॉइलींचा खर्च होऊ नये.

तेव्हा माझी विनंती दोन्ही बाजूंना आहे. मालकांनी गाडीत एक वही ठेवावी आणि बंद पडल्याची वेळ, ऊन, चढ, टाकीत पेट्रोल किती होते, आधी गचके बसले की गाडी एकदम गप्प झाली, हे जागेवरच लिहावे. गॅरेजमध्ये ती वही मिस्त्रीच्या हातात द्यावी, आणि तपासणीची मजुरी भागाच्या किमतीत न लपवता वेगळी विचारून, घासाघीस न करता द्यावी. मिस्त्रींनी काढलेला भाग मालकाच्या हातात द्यावा आणि तो दोषी कशावरून ठरवला, ते बिलावर एका ओळीत लिहावे.