खेळाडू हवा सगळ्यांना, विद्यार्थी कुणाला?



स्वारगेटच्या आसपास राहणाऱ्या माणसाला एसटी स्थानकातली गर्दी वाचायची सवय लागते. बाजारहाटाला आलेला कोण, दवाखान्यासाठी आलेला कोण, परीक्षेला आलेला कोण, हे चेहऱ्यावरून ओळखू येतं. फलटण, सातारा, सांगली, सोलापूरच्या गाड्यांतून अधूनमधून आणखी एक जोडी उतरते. एक बाप किंवा एखादा काका, आणि त्याच्याबरोबर बारा-तेरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. पोराच्या खांद्यावर लांबट पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी हॉकीची काठी. ही मंडळी निवड चाचणीला निघालेली असतात. आजचं माझं बोलणं या जोडीविषयी आहे.

मी कवितेतला माणूस, हॉकीचा जाणकार नव्हे. पण शेजारपाजारच्या मुलांमुळे या खेळातला एक वेगळाच सामना मला पाहायला मिळाला. तो मैदानावर होत नाही. चांगली काठी चालवणारं पोरगं कुणाच्या वसतिगृहात जाणार, कुणाच्या नावानं खेळणार, यासाठी संस्था-संस्थांमध्ये तो चालतो. आणि त्याचा निकाल पोराला अठराव्या वर्षानंतर कळतो.

ही ओढाताण पूर्वी इतकी नव्हती, कारण हॉकी गवतावर आणि मातीवर खेळली जायची. पुण्यात खडकी हे तिचं माहेर. तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत धनराज पिल्ले लहानाचा मोठा झाला. मोडक्या काठ्या सुतळीनं बांधून खेळायचा, ही त्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. पुढे थोरला भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळत होता, त्याच्याकडे तो गेला आणि तिथून महिंद्रमध्ये. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक अशी त्याची कारकीर्द झाली. म्हणजे त्याची शाळा गल्लीतली आणि पुढचा आधार एका कंपनीचा.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. तेव्हापासून गणित बदललं. टर्फ घालायला कोट्यवधी रुपये लागतात. वर त्याला पाणी मारावं लागतं आणि काही वर्षांनी ते बदलावंही लागतं. ९१ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद एवढी मोकळी जागा शहरातल्या कुठल्या शाळेला परवडणार? मातीवर शिकलेल्या मुलाला टर्फवरचा चेंडूचा वेग सापडत नाही. मग ज्याच्याकडे टर्फ, त्याच्याकडे मुलगा. पोरानं घर सोडायचं, ही अट तिथून सुरू झाली.

आज आपल्या भागातल्या हुशार मुलापुढे चार-पाच दारं असतात. पहिलं दार राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं. तिथल्या प्रबोधिनीत राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षण हा सगळा खर्च सरकार करतं. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे याच वाटेनं गेल्या आणि भारतीय महिला संघापर्यंत पोचल्या. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात वैष्णवी होती. शेतकऱ्याघरच्या मुलीला एवढं काही मिळणं ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरं दार लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीचं. लहान वयात मुलगा घ्यायचा, शिकवायचा, खेळवायचा आणि साडेसतरा वर्षांचा झाला की अटी पूर्ण करणाऱ्याला सैन्यभरतीचा रस्ता. तिसरं भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रांचं. २०१८ पासून ‘खेलो इंडिया’साठी निवड झालेल्याला दरमहा १० हजार रुपये हातखर्चही मिळतो. चौथं दार खासगी अकादम्यांचं, आणि पाचवं शाळा-कॉलेजांचं. कॉलेजला आंतरमहाविद्यालयीन करंडक हवा असतो, म्हणून फी माफ, हजेरीत सवलत, क्रीडा कोट्यातून प्रवेश. त्यापलीकडे रेल्वे, तेल कंपन्या आणि शासकीय नोकऱ्यांतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण दिसत असतं.

दारं पुष्कळ आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण प्रत्येक दारावरचा माणूस काय दाखवतो ते पाहा. टर्फ दाखवतो, आहार दाखवतो, किट दाखवतो, भिंतीवरचे चषक दाखवतो. वर्ग दाखवणारा क्वचित भेटतो.

आमच्या पेठेतला एक मुलगा आहे, त्याचं नाव सांगत नाही. वडील स्वारगेटला रिक्षा चालवतात. पोरगं डाव्या बगलेतून असं निसटतं की बचाव करणारा मागे वळेपर्यंत चेंडू गोलात. तेराव्या वर्षी एका महिन्यात त्याला तीन बोलावणी आली. वडील माझ्याकडे आले. म्हणाले, “भाईजान, तुम्ही बी.ए. झालेले. हे कागद जरा वाचून सांगा. मला फक्त सही कुठं करायची तेवढं दाखवतात.”

मी कागद वाचले. एका संस्थेच्या हमीपत्रात, मध्येच सोडून गेल्यास झालेला खर्च परत करावा लागेल, असं कलम होतं. दुसऱ्या ठिकाणी मूळ प्रमाणपत्रं संस्थेकडे जमा ठेवायची होती. तिसऱ्या कागदावर आहाराचा तक्ता इतका तपशीलवार, की अंडी किती आणि केळी किती हेही लिहिलेलं. पण तिन्ही कागदांत एक प्रश्न कुणालाच पडला नव्हता. मुलगा दहावीत असताना महिनाभराचं शिबिर आणि त्यापुढे राष्ट्रीय स्पर्धा आली, तर त्याचा बुडालेला अभ्यास कोण घेणार? आणि गुडघा दुखावला तर कोण पाहणार? याविषयी एक ओळ नव्हती.

मी त्यांना म्हटलं, “सही घाईनं करू नका. आधी हे दोन प्रश्न विचारून या.” ते गेले. एका ठिकाणी त्यांना उत्तर मिळालं, “तुमचा मुलगा खेळायला येतोय की शिकायला?” वडील शांत माणूस. ते म्हणाले, “साहेब, तेरा वर्षांचा आहे. दोन्हीला.” मुलगा शेवटी तिथे गेला नाही. त्याच्या शाळेला समजून घेणाऱ्या प्रशिक्षकाकडे गेला. स्वारगेटची मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली, त्यामुळे पिंपरीच्या मैदानावर जाऊन संध्याकाळी घरी परतणं जमतं. पुढे काय होईल ते त्याच्या पायांवर आहे, पण दप्तर अजून घरात आहे.

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असं समजू नका. अमेरिका-कॅनडात बर्फावरची हॉकी खेळतात. तिथे सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या ज्युनिअर लीग आहेत. मुलं घरापासून दूर, अनोळखी कुटुंबात राहून खेळतात. बरीच वर्षं दोन वाटा वेगळ्या होत्या. कॅनडाच्या मोठ्या ज्युनिअर लीगमध्ये एकदा खेळलं, की मुलगा व्यावसायिक ठरायचा आणि अमेरिकी कॉलेजच्या संघाचं दार त्याला बंद व्हायचं. त्यामुळे ज्याला कॉलेजात जायचं, तो अमेरिकेच्या यूएसएचएलसारख्या लीगमध्ये जायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॉलेज क्रीडा संघटनेनं नियम बदलला, आणि १ ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मुलांनाही कॉलेजचं दार उघडलं. त्याच वर्षी गॅव्हिन मॅकेना हा तिथला नावाजलेला पोरगा पेन स्टेट विद्यापीठात गेला. आता सगळ्याच लीगना त्याच मुलांसाठी एकमेकींशी झगडावं लागतंय.

पण त्यांच्या झगड्यातली एक गोष्ट मला घेण्यासारखी वाटते. वेस्टर्न हॉकी लीगमध्ये मुलगा जितके हंगाम खेळेल, तितक्या वर्षांच्या उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती त्याला मिळते. मुलगा पळवण्यासाठी का होईना, त्यांना शिक्षण देऊ करावं लागतं, आणि ते लेखी.

आपल्याकडे मोठ्यांच्या लीगांचं काय झालं तेही आठवून पाहा. २००५ साली प्रीमिअर हॉकी लीग आली, मराठा वॉरियर्स नावाचा संघ होता, २००८ मध्ये ती संपली. २०१२ साली वर्ल्ड सिरीज हॉकी आली. पुणे स्ट्रायकर्सचे सामने पिंपरीत नेहरूनगरच्या मैदानावर झाले. पण हॉकी इंडियाची तिला मान्यता नव्हती. दोन संघटनांच्या भांडणात खेळाडूंनी लीगकडे जावं की राष्ट्रीय संघाकडे, असा पेच पडला. ती लीग एकाच हंगामात आटोपली. २०१३ पासून हॉकी इंडिया लीग सुरू झाली, २०१७ नंतर थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उभी राहिली. त्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख रुपये मिळाले. पहिल्यांदाच झालेल्या महिलांच्या लिलावात उदिताला ३२ लाख मिळाले. त्यांच्या कष्टाचं ते चीज आहे. पण मधल्या सात वर्षांत ज्यांची ऐन उमेदीची वर्षं गेली, त्यांना लिलाव दिसलाच नाही. लीग येतात आणि जातात. पोराच्या हाती जे उरतं, त्याची तजवीज आधी करायला हवी.

मुंबईचा व्हिरेन रास्किन्हा २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळला. २००८ साली, तिशीही उलटली नव्हती तेव्हा, त्यानं आंतरराष्ट्रीय हॉकी सोडली आणि हैदराबादला व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं. पुढे ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट या संस्थेचं काम सांभाळून अनेक खेळाडूंच्या पाठीशी उभा राहिला. हे त्याला जमलं, कारण खेळताना त्याचं शिक्षण तुटलं नव्हतं.

म्हणून आई-वडिलांना माझं सांगणं एवढंच. कुठल्याही संस्थेचा कागद हाती आला की पाच प्रश्न विचारा. एक, मुलगा कुठल्या शाळेत जाणार आणि दिवसातले किती तास? दोन, शिबिरात बुडालेला अभ्यास कोण भरून काढणार? तीन, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा आणि मुलाची जागा राहणार का? चार, सोडून जायचं ठरलं तर ना हरकत प्रमाणपत्र किती दिवसांत मिळेल, पैसे मागणार का? आणि पाच, पाच वर्षांपूर्वी इथून गेलेली मुलं आज काय करतात? या पाचव्या प्रश्नाचं उत्तर भिंतीवरच्या चषकांत नसतं. त्या मुलांना गाठून विचारावं लागतं.

आणि मूळ प्रमाणपत्रं स्वतःजवळ ठेवा, छायाप्रती द्या.

संस्था चालवणाऱ्यांनाही एक विनंती. मैदानावर एका वेळी अकराच खेळतात. ऑलिंपिकच्या संघात सोळा. देशभरातली हजारो मुलं त्या सोळा जागांकडे धावतात. ती धावावीत, त्यातच खेळाची शान आहे. पण ज्यांना जागा मिळणार नाही, तीही तुमच्याच ताटात जेवलेली, तुमच्याच शिट्टीवर पळालेली मुलं आहेत. पोरं मिळवण्यासाठी तुम्ही एकमेकांशी चुरस करता, ती जरूर करा. फक्त एकदा अशी चुरस होऊ द्या, की कुणाच्या वसतिगृहातली जास्त मुलं पदवीधर झाली. त्या स्पर्धेत हरणाराही कुणाचं नुकसान करणार नाही.