उतारा कोणाचा?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कारखानदार भाषणाला उभा राहिला की सांगतो, आम्ही समाजाचे देणे फेडतो. शाळेला खोल्या बांधल्या, दवाखान्याला पलंग दिले. चांगली गोष्ट आहे. पण मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. पीक पाहिले की आधी मूळ उकरून पाहायची सवय. म्हणून आपल्या अमळनेरचे उदाहरण घेऊ.

प्रतापशेठ यांनी तिथे कापडाची मिल चालवली. भोवती कापूस होता म्हणूनच ना! त्या पैशातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. त्यांच्या नावाच्या हायस्कुलात साने गुरुजींनी १९२४ ते १९३० शिकवले. पुढे १९४५ च्या डिसेंबरात तेल आणि वनस्पती तूप काढणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली. १९६६ मध्ये वडील वारले आणि एकवीस वर्षांच्या अझीम प्रेमजींनी कारभार हाती घेतला. तीच आजची विप्रो. तेलातून धंदा संगणकात गेला. २०१९ पर्यंत प्रेमजींनी कंपनीच्या ६७ टक्के शेअरांचा लाभ दानाला लावून दिला, मुख्यतः शिक्षणासाठी. एवढे मोठे दान या देशात क्वचितच कोणी केले असेल.

पण गावाकडे पाहा. एकाने गाडीभर शेंगा विकल्या, रोख घेतली, घरी गेला. दुसऱ्याने शेअर घेतला आणि पेटीत जपून ठेवला. त्याची नातवंडे श्रीमंत झाली. पहिल्याला कोणी फसवले असे मी म्हणत नाही. माल विकला, तिथेच त्याचा संबंध संपला.

आपल्या कापसाचे आजही तेच आहे. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीवर ठरतो. एकाच्या कापसाचा उतारा ३३ टक्के, शेजाऱ्याचा ३७. खेडा खरेदीत भाव दोघांना एकच. मग क्विंटलमागची ती चार किलो रुई कोणाच्या घरात गेली? सरकीचे तेल निघते, आणि उरलेली ढेप आपणच म्हशीसाठी विकत आणतो!

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहा उत्पादक मिळून स्वतःची कंपनी काढू शकतात. एक सभासद, एक मत. ज्वारीवाल्यांनाही हा रस्ता मोकळा आहे. मात्र लगेच यंत्रे घ्यायला धावू नका. सरकारी भांडवल आणि पुढारी अध्यक्ष, अशा किती सूतगिरण्या बुडाल्या ते तुम्ही पाहिले आहे.

आधी हिशेब शिका. या हंगामात प्रत्येक गावाने एकाच वाणाचा दहा क्विंटल कापूस एकत्र करावा, मजुरी देऊन जिनवर सरकी काढून घ्यावी, स्वतः काट्याजवळ उभे राहावे. कापूस किती, रुई किती, सरकी किती, घट किती, मजुरी किती, हे वहीत लिहावे. पुढच्या बैठकीला भाषणे नकोत. वह्या घेऊन या.