आधी दोष मोजू, मग दुरुस्त करू
(स्वागताध्यक्षीय भाषण)



स्वागत समितीच्या वतीने राहुरीत आपले मनःपूर्वक स्वागत. क्षेत्रफळाने आमचा अहिल्यानगर जिल्हा राज्यात सर्वांत मोठा. अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी इथलेच, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशाला, आणि सहकारी साखर कारखान्याची वाट दाखवली प्रवरानगरने. तरीही सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांतील दोष दुरुस्त करण्याविषयीची ही परिषद राहुरीत भरवण्याचे कारण वेगळे आहे. 1968 साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ इथे आहे आणि लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे. उसाच्या पानावरचा तांबेरा आणि माणसाच्या रक्तातली पेशी, दोन्ही भिंगाखाली पाहणारी माणसे या जिल्ह्यात शेजारी नांदतात. त्यांची अडचणही एकच आहे.

तालुक्याच्या लॅबमध्ये आज काय चालते ते आपण सगळे जाणतो. महागडा कॅमेरा परवडत नाही, म्हणून आयपीसवर मोबाइल टेकवायचा, फोटो काढायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तज्ज्ञाकडे पाठवायचा. यात गैर काही नाही. उलट त्यामुळे कित्येक रुग्णांचा शहराचा हेलपाटा वाचतो. पण आयपीस, स्वस्त अडॅप्टर आणि मोबाइलचे भिंग एकापुढे एक आले की चित्राच्या कडा वाकतात. नुसते पाहायचे असेल तेव्हा डोळा ते खपवून घेतो. मोजायला बसलो की मात्र फसगत होते.

एक उदाहरण घेऊ. मोजपट्टीच्या काचेवर एक मिलिमीटरचे शंभर भाग असतात, म्हणजे दोन रेघांत 10 मायक्रॉन. समजा, चित्राच्या मध्यावर हे अंतर 40 पिक्सेल भरले. कडेच्या भागात बिंदू मध्याकडे अवघे पाच टक्के सरकला आहे. नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर तिथे तेच अंतर मध्याच्या दिशेने 34 आणि आडवे 38 पिक्सेल भरते. म्हणजे सरकणे पाच टक्क्यांचे, पण पेशीचे क्षेत्रफळ घटले एकोणीस टक्क्यांनी! शिवाय गोल तांबडी पेशी लंबगोल दिसू लागली. पेशींचा आकार पाहून रक्तदोष ओळखणाऱ्याला आणि बीजाणूंची लांबी-रुंदी मोजून बुरशी ओळखणाऱ्याला हा फरक सोसणारा नाही. शेजारशेजारची चित्रे जोडून अख्ख्या स्लाइडचा नकाशा करू म्हटले, तर सांध्यावर एकाच पेशीच्या दोन होतात.

यावरचे गणित नवे नाही. कॉनरॅडी यांनी 1919 साली आणि ड्युएन ब्राउन यांनी 1966 साली ते मांडले. ब्राउन यांच्यापुढे होते मोजमापासाठी वापरले जाणारे कॅमेरे. पुढे 2000 साली झेंगयो झांग यांनी बुद्धिबळाच्या पटासारख्या नक्षीचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेऊन कॅमेऱ्याचे दोषांक काढण्याची सोपी रीत दिली. आज हे सारे ओपनसीव्हीसारख्या मोफत प्रणालीत तयार मिळते. मग परिषद कशाला, असे कोणी विचारील.

परिषद एवढ्यासाठी, की दुरुस्ती बरोबर झाली हे कशावरून ठरवायचे? खऱ्या स्लाइडवरची पेशी मुळात केवढी होती, हे आपल्याला कोणी सांगत नाही. म्हणून आधी संगणकावर निर्दोष जाळी आखायची, तिच्यात आपल्या हाताने, माहीत असलेल्या मापाचा दोष घालायचा आणि मग ती दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रामपुढे ठेवायची. मूळ जाळी हाताशी असल्यामुळे प्रोग्राम किती ठिकाणी, किती पिक्सेलने चुकला ते लगेच कळते. त्यात केंद्र जरा हलवून पाहावे, कारण हाताने धरलेला मोबाइल कधीच नेमका मध्यावर नसतो. या कसोटीला न उतरलेले सॉफ्टवेअर रुग्णाच्या स्लाइडवर चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मर्यादाही सांगायला हवी. विरूपण म्हणजे बिंदूची जागा चुकणे; ती गणिताने परत लावता येते. धूसरपणा ही वेगळी व्याधी. हबल दुर्बिणीचा आरसा सदोष असल्याचे 1990 साली उघड झाले, तेव्हा शास्त्रज्ञांनी गणिताने चित्रे बरीच सुधारली. तरी 1993 साली अंतराळवीरांना जाऊन दोष भरून काढणारी नवी प्रकाशीय यंत्रणा बसवावी लागलीच. भिंगाने टिपलाच नाही तो तपशील सॉफ्टवेअर आणणार कुठून? आणि तसा तो आणून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून तर सावधच राहावे.

तेव्हा या दोन दिवसांत तीन गोष्टी ठरवाव्यात, ही विनंती. प्रत्येक लॅबने मोजपट्टीची काच बाळगावी आणि मोबाइल किंवा अडॅप्टर बदलला की मोजणी नव्याने करावी. दुरुस्त चित्रासोबत मूळ चित्र आणि दोषांक जपून ठेवावेत. आणि हे सॉफ्टवेअर मोफत, मराठी सूचनांसह असावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून जामखेडला गावच्या बायकांच्या हाती आरोग्याचे ज्ञान सोपवून दाखवले. हे तंत्रही तितकेच खाली पोचले पाहिजे.

व्यवस्थेत काही उणे राहिले तर घरचे कार्य समजून सांभाळून घ्या. दुपारी पंगतीला शिपी आमटी आहे, तिखट बेताने घ्या!