नाव तेच, औषध वेगळं
(रौप्यमहोत्सवी आरोग्य व्याख्यानात सोसायटीच्या सभागृहात झालेले भाषण)



नोटीस बोर्डावर ‘नॅनो औषधे’ हा विषय वाचून काहींना वाटलं असेल, याचा आपल्याशी काय संबंध? पण २०२१चा मे महिना आठवा. कोविडमधून उठलेल्यांना काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, होऊ लागली आणि नातेवाईक एका इंजेक्शनसाठी गावोगाव वणवण फिरत होते. लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी. ते नॅनो औषधच.

अँफोटेरिसिन-बी १९५०च्या दशकापासून माहीत आहे. बुरशीवर गुणकारी, पण किडनीला त्रासदायक. म्हणून शास्त्रज्ञांनी औषध तेच ठेवलं आणि वाहन बदललं. स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, ते बसवलं. या गोळ्या साधारण १०० नॅनोमीटरच्या आतल्या. रक्तातल्या तांबड्या पेशीच्या सत्तराव्या हिश्शाएवढ्या. किडनीचा त्रास त्यामुळे बराच कमी झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी असं औषध आपल्या देशातच विकसित केलं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

आता हे वाहन शरीरात जातं कुठे? आपल्या गेटवर वॉचमन परक्या माणसाला अडवतो, तशा यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी परक्या कणांना पकडतात. बऱ्याच औषधांच्या बाबतीत ही अडचण ठरते. काळा-आजारात मात्र रोगजंतू याच पेशींत लपलेले असतात, त्यामुळे औषध थेट त्यांच्या घरी पोचतं! बिहारमधल्या अभ्यासात, जो २०१० साली प्रसिद्ध झाला, लायपोसोमल औषधाचा एकच डोस साध्या औषधाच्या १५ डोसांच्या तोडीस तोड ठरला.

पण वाहन निर्धोक आहे असं गृहीत धरून चालत नाही. तिसऱ्या मजल्यावरची गळती बंद केली की पाणी दुसऱ्या मजल्यावर झिरपतं, हा अनुभव आपल्याला आहेच. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध हृदयाला इजा करू शकतं. त्याचं लायपोसोमल रूप अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं. हृदयाचा धोका कमी झाला, पण काही रुग्णांच्या तळहात-तळपायांची कातडी लाल होऊन सोलू लागली. काहींना पहिल्याच सलाईनला धाप लागते, छाती आवळते, म्हणून ते सुरुवातीला अगदी हळू सोडतात.

म्हणूनच तपासणी दुहेरी लागते: औषधाचीही आणि वाहनाचीही. कणांचा आकार आणि त्यावरचा विद्युतभार प्रत्येक बॅचमध्ये सारखा आहे का? रक्तपेशी फुटतात का? कण कोणत्या अवयवात किती दिवस साठून राहतात? औषध वाटेतच गळतं का? हे आधी प्रयोगशाळेत, मग प्राण्यांवर पाहायचं आणि त्यानंतरच माणसांवर, टप्प्याटप्प्याने. आपल्याकडे अशा औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केली.

आता तुमच्या-आमच्या कामाची गोष्ट. साधं अँफोटेरिसिन वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण १ मिलिग्रॅम देतात, तर लायपोसोमल म्युकरमध्ये ५ किंवा त्याहूनही जास्त. लायपोसोमलच्या हिशेबाने साधं दिलं गेलं, तर जिवावर बेतू शकतं. बाटलीवर मूळ नाव तेच असतं, फरक फक्त ‘लायपोसोमल’ या एका शब्दाचा! तेव्हा धावपळ करून औषध आणलंत, की पूर्ण नाव चिठ्ठीशी ताडून पाहा. ‘हे नाही, पण तसंच दुसरं आहे’ असं दुकानदार म्हणाला, तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय घेऊ नका. आणि सिस्टरना विचारायला संकोच करू नका; त्यात कुणाचा अपमान नाही.

प्रश्न असतील तर चहा घेता घेता जरूर विचारा.